मॅलकीच्या गाडीचे मागचे दिवे

सोमवार, ४ नोव्हेंबर २०१९

गुरुवार, २४ ऑक्टोबर. संध्याकाळचे सात वाजून दहा मिनिटं. हे आधी लिहून ठेवते, उद्या कोणी वेळ बदलून सांगायला नको. वेळ माझी नाही, पोलिसाने त्याच्या वहीत टिपलेली आहे. त्या वेळी माझा नवरा मॅलकी फीनी चर्चच्या हॉलकडे पत्ते खेळायला पायी चालला होता. वळणावर एका नर्सच्या गाडीने त्याला उडवलं. ती बाई सावकाश चालवत होती. तिचा दोष नाही. घरी येऊन माझ्या स्वयंपाकघरात रडली. चहा मीच करून दिला.

दोष कोणाचा ते मला ठाऊक आहे. दारात गाडी उभी असताना माणूस पायी का गेला? गाडीचे मागचे दिवे लागत नव्हते म्हणून. का लागत नव्हते? तर तिठ्यावरचा गॅरेजवाला प्लंकेट गॅफनी गेल्या वर्षापासून ते दुरुस्त करतोय म्हणून! शेवटचे पाच आठवडे एकच उत्तर — "पार्ट यायचाय." कसला पार्ट? चंद्रावरून यायचाय?

एरवी शेजारचा फिंटन डर्कन दर गुरुवारी त्याला आपल्या गाडीतून न्यायचा. त्या एका गुरुवारी फिंटन मुलीकडे गॉलवेला गेला होता. तेवढं एकदाच.

झालं. लिहिलं.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

फ्रीजरमध्ये खिमा-बटाट्याचे सात शेफर्ड्स पाय आहेत. सगळे शेजारणींनी आणून दिलेले. एक काढला, गरम केला, खाल्ला. कशाची चव होती सांगता येणार नाही.

बुधवार, ६ नोव्हेंबर

आज गॅफनीकडे गेले. भर दुपारी, मुद्दाम. पोस्टमन होता, हार्डवेअरवाल्याची बायको होती, आणखी दोघं गाड्या घेऊन उभे होते. बरंच झालं.

गॅफनी हात पुसत पुढे आला. "मिसेस फीनी, तुमच्या दुःखात मी—"

"दुःखाचं राहू दे," म्हटलं, "आधी दिव्यांचं बोला. पार्ट आला का?"

तो हात पुसतच राहिला.

"नाही आला ना? मग आता नका मागवू. ज्याला हवा होता तो मातीत गेला. एक फ्यूज बदलायला तुम्हाला वर्ष पुरलं नाही, प्लंकेट गॅफनी. माझ्या नवऱ्याला त्या नर्सने नाही मारलं, तुम्ही मारलं."

रेडिओवर गुरांचे बाजारभाव चालले होते, तेवढाच आवाज. मला वाटलं हा भांडेल. भांडला असता तर बरं वाटलं असतं. हा आपला बुटांकडे बघत उभा. एवढा सहा फुटी बाप्या!

घरी येऊन बसले. छातीत काहीतरी हलेल म्हणून वाट पाहिली. काही हललं नाही. रडूही येत नाही. ऑक्टोबरपासून आत कोणीतरी सगळ्या खोल्यांना कुलपं लावून गेल्यासारखं झालंय.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

फिंटनकडून कळलं, दोघांनी आपल्या गाड्या गॅफनीकडून काढून स्लायगो शहरातल्या गॅरेजात नेल्या.

"तुझ्या जिभेचं काम, अट्रॅक्टा," म्हणाला.

"जिभेने काही मोडत नाही," म्हटलं. "मोडलेलं दाखवते फक्त."

फिंटन हसला नाही. गुरुवारचं गॉलवे त्याच्या गळ्यात अडकून बसलंय. रोज माझ्यासाठी सरपण फोडून ठेवतो. किती सरपण जाळू मी?

रविवार, १० नोव्हेंबर

चोवीस तारखेला मासिक मिस्सा आहे, माणूस गेल्यावर महिन्याने चर्चमध्ये करतात ती प्रार्थना. संध्याकाळी सहाची. म्हणजे अंधारात. फिंटन म्हणाला, मी नेतो. नणंद म्हणाली, मी नेते. मी सगळ्यांना सांगितलं — मॅलकीच्या मिस्सेला मी मॅलकीची गाडी घेऊन जाणार, स्वतः चालवत, मागचे दिवे लावून. गॅफनी चर्चच्या दारात उभा असला पाहिजे आणि त्याने ते दिवे बघितले पाहिजेत. एका म्हातारीने पंधरा दिवसांत केलं ते त्याला वर्षभरात जमलं नाही, हे गावालाही दिसू दे.

मला गाडी येते. चाळीस वर्षांपासून लायसन्स आहे. पण दोघं असलो की चाक मॅलकीकडे. आमच्याकडे असंच असतं. नवरा चालवतो आणि बायको शेजारी बसून त्याला रस्ता सांगते — ज्या रस्त्यावर तो जन्मलाय!

सोमवार, ११ नोव्हेंबर

सुरुवात केली.

गाडी एकतीस वर्षांची. फ्यूजची पेटी स्टिअरिंगखाली, उजव्या गुडघ्यापाशी. झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा आहे, तो भिंगाने वाचला. मोठे हेडलाइट वेगळ्या फ्यूजवर, ते लागतात. मागचे लाल, पुढचे छोटे, नंबरप्लेटचा आणि वेगाच्या काट्यांमागचा दिवा — हे सगळे एकाच फ्यूजवर. तो उपटला. लाल प्लास्टिकचा, नखाएवढा. आतली तार जळून काळी.

हार्डवेअरच्या दुकानात तसाच मागितला. दुकानदार म्हणाला, "याच्याहून जाड नेता का? जळायची कटकटच नाही."

"म्हणजे फ्यूजऐवजी गाडी जळेल," म्हटलं. "दहा अँपिअरचाच द्या."

फिंटनने दाराशी उभं राहून त्याहून मोठं शहाणपण पाजळलं — चॉकलेटचा चंदेरी कागद गुंडाळ, त्याचे वडील ट्रॅक्टरला तसंच करायचे. तो ट्रॅक्टर पेटला होता ना, असं विचारल्यावर गेला.

नवा फ्यूज बसवला. दिव्याचं बटण फिरवलं. टिक्! गेला.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

दुसरा. टिक्.

बुधवार, १३ नोव्हेंबर

पाऊस. काही केलं नाही. दुपारी दोन कप काढले, एक परत ठेवला.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

फ्यूज जाळत बसण्यात अर्थ नाही. कुठेतरी जिवंत तार गाडीच्या पत्र्याला टेकते आहे, हे उघड आहे. कुठे, एवढाच प्रश्न.

मी सदतीस वर्षं पोस्टात होते, त्यातली पहिली अठरा टेलिफोन एक्स्चेंजवर. एखाद्या लाइनीत खरखर आली की आमचा लाइनमन कधी अंदाज बांधायचा नाही. एकेक जोड काढायचा. काढला की ऐकायचा. ज्याच्या काढण्याने खरखर थांबली, चोर तिथे. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बेनिग्नस विज्ञान शिकवायच्या, त्यांचंही तेच — "अट्रॅक्टा, तू उत्तर आधी ठरवतेस आणि मग गणित करतेस!" त्या वेळी हातावर पट्टी बसली होती. आता मेल्या बिचाऱ्या, नाहीतर बघायला बोलावलं असतं.

युक्ती अशी. जळक्या फ्यूजच्या जागी ब्रेकचा एक बल्ब दोन तारांनी जोडायचा. तार कुठे टेकत असेल तर सगळी वीज तिकडे पळते आणि हा बल्ब लखलखीत पेटतो. फ्यूज मात्र वाया जात नाही. मग एकेक दिवा सुटा करत जायचं. ज्याच्या सुटण्याने बल्ब मंद होईल, दोष त्या फांदीवर.

मॅलकीच्या शेडमधून तारा, पक्कड, चिकटपट्टी आणली. शेड त्याने ठेवली होती तशीच आहे. बघत बसले नाही. हवं ते घेतलं आणि कडी लावली.

शनिवार, १६ नोव्हेंबर

बल्ब जोडला. बटण फिरवलं. लख्ख! डोळे दिपले.

मागचा डावा दिवा काढला — लख्ख. उजवा — लख्ख. तेवढ्यात कंबर धरली. उरलेलं सोमवारी.

सोमवार, १८ नोव्हेंबर

पुढचे दोन्ही छोटे दिवे काढले. तरी लख्ख. फिंटन आला, उकिडवा बसला, म्हणाला, "तू गॅरेजच उघड. गॅफनीचं तर तू बंदच करत आणलंयस."

"किती गेले?"

"आणखी दोन. खताच्या दुकानाची व्हॅनपण."

बरं, म्हटलं. पण 'बरं' म्हणताना वाटायला हवं होतं तसं काही वाटलं नाही.

बुधवार, २० नोव्हेंबर

नंबरप्लेटचा आणि काट्यांमागचा, एवढे दोनच राहिले होते. आधी नंबरप्लेटचा घेतला. डिकीच्या झाकणावर, दोन स्क्रूंखाली. स्क्रू गंजले असतील असं वाटलं होतं. नव्हते. तेल लावलेले, सहज फिरले. टोपी उचलली, जोड सोडवला, मान वळवून पुढे बघितलं — बल्ब मंद!

सापडलं.

दिवा हातात घेऊन खिडकीशी गेले. जिवंत टोकापासून स्क्रूच्या भोकापर्यंत तांब्याची एक बारीक तार होती. टोपी बसवली की ती पत्र्याला टेकणार. घासून उघडी पडलेली नव्हे ती. लावलेली. टोकाशी काळ्या मेणदोऱ्याचे फेरे देऊन बांधलेली. नऊ फेरे, एकाला एक चिकटून, शेवटचा आत ओढून घेतलेला.

हे फेरे मी चव्वेचाळीस वर्षं बघितलेत. ट्राउट मासा धरायला मॅलकी पिसांच्या माश्या बांधायचा, त्यांच्या गळाशी असेच. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, चष्मा नाकाच्या टोकावर. अख्ख्या परगण्यात एवढे घट्ट फेरे कोणाला जमत नव्हते.

तार काढली. सुटे केलेले दिवे परत बसवले. नवा फ्यूज घातला. दिवे लागले. मागचे लाल, पुढचे, नंबरप्लेटचा, काट्यांमागचा — सगळे. राहिले.

मी बघत उभी राहिले. हात गार पडले तेव्हा आत आले.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

गॅफनीच्या पावत्या ड्रॉवरमध्ये होत्या, क्लिप लावून. मॅलकी कागद टाकायचा नाही. तारखा बघितल्या. गेल्या वर्षी दुरुस्ती सप्टेंबरात, मग पुन्हा ऑक्टोबरात. शेवटची पावती मार्चची, त्यानंतर काही नाही. जूनच्या सरकारी तपासणीत सगळे दिवे व्यवस्थित! या वर्षी पुन्हा सप्टेंबर, आणि मग ते "पार्ट यायचाय."

म्हणजे दिवे उन्हाळ्यात बरे होतात. दिवस लहान व्हायला लागला की बिघडतात.

मी उत्तर आधी ठरवलं होतं.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

काही नाही.

रविवार, २४ नोव्हेंबर

गाडी घेऊन गेले. दिवे लावून. फिंटन मागून त्याच्या गाडीत येत होता. चर्चच्या आवारात उतरल्यावर म्हणाला, "ख्रिसमसच्या झाडासारखी दिसतेस, बाई!" दोघी-तिघींनी पाठ थोपटली. गॅफनी सगळ्यात मागच्या बाकावर बसला होता, एकटा. त्याच्या बाकावर कोणीच बसलं नव्हतं.

मिस्सेत मॅलकीचं नाव दोनदा घेतलं. मी गुडघ्यांवर होते. गुडघे दुखत होते, एवढंच जाणवत होतं.

बाहेर गॅफनीला भिंतीपाशी गाठलं. तो टोपी घालून सटकायच्या बेतात होता.

"दिवे लागले," म्हटलं.

"बघितले, मिसेस फीनी. छान."

"पार्ट लागला नाही."

मी खिशातून तो तारेचा तुकडा काढला, हातरुमालात गुंडाळून आणला होता. त्याच्या तळहातावर ठेवला. त्याने तो उलटापालटा करून बघितलाही नाही. ओळखीचा होता त्याच्या.

"तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

"कधीपासून?"

"गेल्या वर्षी पहिल्यांदा गाडी आली तेव्हाच सापडली. काढून टाकली. वाटलं, कोणीतरी मस्करी केली असेल. दोन आठवड्यांनी परत तीच तार, तोच दोरा. मग मी त्याला विचारलं, मॅलकी, हे काय चालवलंयस? शटर खाली ओढ म्हणाला. मग सांगितलं. अंधार पडला की रस्त्याच्या कडा दिसत नाहीत. समोरून गाडी आली की सगळं पांढरं होतं. एकदा तुम्ही शेजारी बसलेल्या असताना पुलाच्या कठड्याला घासता घासता राहिली म्हणाला. तुम्हाला कळलं नाही. त्या दिवशी त्याने ठरवलं, अंधारात चाक धरायचं नाही."

"आणि दिवे बिघडले की लोकांच्या गाडीत बसायला लाज नाही."

"हो. गाडी बिघडली तर कोणीही नेतं, म्हणाला. डोळे बिघडले म्हटलं की लोक वेगळ्या नजरेने बघतात."

"मी चालवली असती," म्हटलं. "मला गाडी येते. मी नेलं असतं त्याला. दर गुरुवारी नेलं असतं. मला का नाही सांगितलं?"

"मिसेस फीनी, आज नको."

"आजच."

टोपी काढून त्याने हातात धरली. "म्हणाला, अट्रॅक्टाला सांगायची मला भीती वाटते."

लोक निघत होते, कोणी हात केला, मीही केला.

"आणि त्या दिवशी," मी विचारलं, "सगळ्यांसमोर मी तुम्हाला खुनी म्हटलं. तेव्हा का नाही बोललात?"

"शब्द दिला होता. माणूस गेला म्हणून शब्द जात नाही." मग टोपी परत घालत, "आणि तुम्ही अगदीच खोटं बोलत नव्हता. मी बोललो असतो तर तो आज असता. रोज सकाळी शटर उघडताना तेच येतं डोक्यात."

गाडी चालवत घरी आले. एकटीच.

सोमवार, २५ नोव्हेंबर

या वहीत पहिल्या दिवशी मी एक गोष्ट लिहिली नव्हती. विसरले नव्हते. लिहिली नव्हती.

त्या गुरुवारी मॅलकी पावणेसातला दाराशी उभा होता. कोट घातलेला, गुंड्या न लावलेला. म्हणाला, "फिंटन नाहीये आज. एखाद्या दिवशी नाही गेलो तरी चालेल."

मी इस्त्री करत होते. वरही बघितलं नाही. म्हटलं, "म्हणजे तुझा जोडीदार तिथे पत्ते धरून बसणार आणि तू इथे शेगडीशी पाय शेकत? मैलभर तर आहे. पाय आहेत ना? की तेही गॅफनीकडे दुरुस्तीला टाकलेत?"

तो हसला होता. मला वाटतं हसला होता. टॉर्च घेतला आणि गेला.

विनोद चांगला होता. मला आवडला होता तो. रात्री हॉलमधून आल्यावर त्याला परत ऐकवणार होते.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

भर दुपारी गॅफनीकडे गेले. पोस्टमनची वेळ बघूनच. हार्डवेअरवाल्याच्या बायकोला वाटेतून हाताला धरून नेलं. ती म्हणत होती, "अगं, माझे बटाटे चुलीवर आहेत!"

"जळू देत," म्हटलं.

गॅरेजात उभी राहिले आणि मोठ्याने बोलले. मिस्टर गॅफनींनी काहीही चुकीचं केलेलं नाही. दिव्यांचा दोष त्यांचा नव्हता, तो माझ्या घरातला होता. मी इथे उभी राहून जे बोलले ते खोटं होतं, आणि ज्यांनी ते ऐकून गाड्या हलवल्या त्यांनी त्या परत आणाव्यात.

डोळ्यांचं काही सांगितलं नाही. ते मॅलकीचं आहे.

पोस्टमन पत्रांकडे बघत होता. गॅफनी म्हणाला, "चहा टाकू का, मिसेस फीनी?" मी हो म्हटलं. कळकट मगमधला तो चहा, दुधाचा नुसता भास. पूर्ण प्यायले. हार्डवेअरवाल्याची बायकोही प्यायली, बटाटे विसरून. वाईट नव्हतं ते बसणं.

विचारायचं होतं ते तिथे विचारता आलं नाही.

बुधवार, २७ नोव्हेंबर

खताच्या दुकानाची व्हॅन परत आली म्हणे. फिंटनने सांगितलं. मी फिंटनला सांगितलं, सरपण बस झालं, आता आत येऊन बसत जा. आला. अर्धा तास बसला. जाताना म्हणाला, गुरुवारी हॉलला चल, चौथा भिडू हवाय. बघू म्हटलं.

रात्री पाच-सहा वेळा तोच एक चेहरा आठवायचा प्रयत्न केला. दाराशी, कोटाची गुंडी नाही लावलेली. ओठ आठवतात. डोळे आठवत नाहीत — मी इस्त्रीकडे बघत होते.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

आज टपालात टाकलेल्या पत्राची नक्कल :

श्री. प्लंकेट गॅफनी यांस. हे मी समोर येऊन विचारत नाही, कारण समोर तुम्ही माझ्या तोंडाकडे बघून उत्तर द्याल. "अट्रॅक्टाला सांगायची मला भीती वाटते," असं मॅलकी म्हणाला, तेव्हा तो हसत होता का? हो किंवा नाही. लेखी कळवावं. शनिवार, ७ डिसेंबर, दुपारी बारा वाजायच्या आत.